न्यू जर्सी: डिस्ट्रिक्ट मिश्र, मग शाळा वेगवेगळ्या रंगांच्या कशा?

प्रश्न (घरशोध_एनजे): स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) आकड्यांत गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे), आशियाई सगळे दिसतात. प्रत्यक्ष शाळा तशी आहे का, हे कसं तपासायचं? घराचा एजंट या विषयावर तोंडच उघडत नाही.

लेकुरवाळी: तो बोलणारही नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश बघून गिऱ्हाइकाला ठरावीक वस्तीकडे वळवणं बेकायदा आहे. एनसीईएसच्या (केंद्र सरकारच्या शिक्षण-आकडेवारी संस्थेच्या) संकेतस्थळावर शाळेचं नाव टाका, वंशनिहाय पटसंख्या मिळते. मात्र लॅटिनो मूल कुठल्याही वंशाचं असलं तरी लॅटिनोतच धरतात, आणि ‘आशियाई’त तेलुगू, चिनी, कोरियन सगळे एकाच गाठोड्यात.

आकडेमोड: सरासरीवर जाऊ नका. समजा, डिस्ट्रिक्टमध्ये १०० कृष्णवर्णीय, १०० गोरी मुलं. पहिल्या शाळेत ८० कृष्णवर्णीय, २० गोरी, दुसरीत उलट. डिस्ट्रिक्टचा आकडा ५०-५०, झकास! आता प्रत्येक शाळेत दोन्ही गटांचा किती टक्के वाटा गेला त्यातला फरक काढा: ६० आणि ६०. बेरीज १२०, तिची निम्मी ६०. म्हणजे दोन्ही शाळा सारख्या करायला एका गटातली ६० टक्के मुलं हलवावी लागतील. शून्य म्हणजे पूर्ण मिसळ, १०० म्हणजे पूर्ण फारकत. पण एका डिस्ट्रिक्टपुरतं मोजलंत तर खरी भिंत दिसणारच नाही, ती दोन गावांच्या हद्दीवर असते.

घरशोध_एनजे: १९५४ च्या ब्राऊन निकालानंतरही?

कलम_किडा: ब्राऊनने कायद्याने केलेली विभागणी रद्द केली. पुढे डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात (१९७४) सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या शाळा मिसळण्याच्या योजनेत ओढता येणार नाही. हद्द ओलांडली की गोरी कुटुंबं मोकळी. न्यू जर्सीत तर जवळपास ६०० डिस्ट्रिक्ट, आणि साधारणपणे मूल राहत्या गावातल्याच शाळेत जातं. राज्याची १९४७ ची घटना शाळांतली विभागणी नाकारते, म्हणून २०१८ मध्ये राज्यावर खटला दाखल झाला. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टमधला असमतोल मान्य केला, पण अख्खी राज्यव्यवस्था घटनाबाह्य ठरवली नाही.

लेकुरवाळी: शाळेच्या आतही बघा. केंद्राच्या नागरी हक्क माहितीसंचात एपी (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे) आणि गिफ्टेड (हुशार मुलांसाठीच्या) वर्गांची वंशनिहाय संख्या असते. शाळेत कृष्णवर्णीय मुलं ३० टक्के आणि एपी गणितात ५ टक्के, तर इमारत एक असली तरी शाळा दोन आहेत. हा संच काही वर्षं जुना असतो, तेवढं धरून चाला.