दिवाणी वादात लोक नेमकं कुठं अडतात याचा अभ्यास करतोय, प्रश्न कसे विचारू?

लॉ_नाशिक
नमस्कार मंडळी, मी नाशिकला एलएलबी करतेय, आम्ही काही मुलंमुली मिळून स्वतःहून एक अभ्यास करतोय, म्हणजे जमीन, वाटणी, भाडं, उसने पैसे, पोटगी असल्या वादात साधा माणूस न्यायापर्यंत का पोचत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाई असेल, एससी-एसटी असेल, दिव्यांग असेल तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. एवढं असून लोक येत का नाहीत हे मला खरंच समजून घ्यायचंय. पहिला प्रश्न "तुमची काही कायदेशीर अडचण आहे का" असा ठेवलाय. अनुभवी लोकांनी सांगा, बरोबर आहे का?

दिंडोरीकर
ताई पहिला प्रश्न बदला. आमच्याकडं असं विचारलं की माणूस नाहीच म्हणणार, कारण कायदा म्हटलं की त्याला पोलीस आठवतात. त्यालाच विचारा, द्राक्षाचे पैसे सगळे मिळाले का? मग तासभर बोलेल. आमच्या शेजारच्या बागेत व्यापाऱ्यानं माल काढला, क्रेट मोजले, कच्च्या चिठ्ठीवर वजन आणि भाव लिहिला, त्यावर ना सही ना फर्मचं नाव, थोडे पैसे दिले आणि नंतर फोन बंद. शेतकरी आधी दलालाकडं गेला, मग सोसायटीच्या चेअरमनकडं, मग गावातल्या पुढाऱ्याकडं, आणि "देतो देतो" ऐकण्यातच वर्षं गेली. वसुलीच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते हे त्याला वकिलाकडं गेल्यावर कळलं आणि तोवर ती निघून गेलेली. म्हणून हातात कागद काय होता आणि सगळ्यात आधी कुणाकडं गेलात, हे दोन प्रश्न नक्की ठेवा.

पेठची_ताई
मी विधी सेवा प्राधिकरणाची पीएलव्ही, म्हणजे कायदेविषयक मदत करणारी स्वयंसेविका म्हणून काम केलंय, म्हणून कळकळीनं सांगते, बायकांशी एकट्यानं बोल. भाऊ शेजारी बसलेला असला तर ती "मीच राजीखुशीनं हक्कसोडपत्र दिलं" असंच म्हणणार. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच वाटा आलाय, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी चालतं, आणि हे बऱ्याच जणींना माहीत असतं गं. पण दावा लावला तर माहेर तुटतं, दिवाळीला कुणी बोलवत नाही, उद्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर जायचं कुठं. त्यामुळं "कोर्टात का गेला नाहीत" याचं उत्तर "माहिती नव्हती" एवढ्यावर सोडू नकोस, नाहीतर तुमचा अहवाल "जनजागृती करा" म्हणून संपेल आणि ही बाई त्यात दिसणारच नाही.
आणि आमच्या भागातून नाशिकला तारखेला यायचं म्हणजे सकाळची एसटी आणि बुडालेली मजुरी, तो खर्च वेगळा विचार.

दिवाणी_वकील
वरच्या दोघांशी सहमत, एक भर घालतो. जे कोर्टात पोचलेत त्यांनाही विचारा, पण दाव्याबद्दल नको, पुकारा होऊन पक्षकार बाहेर आला की विचारा "आज आत काय झालं?" बहुतेक जण फक्त पुढची तारीख सांगतील. समन्स बजावणी बाकी आहे, म्हणणं दाखल व्हायचंय की साक्षीपुरावा चालूय, हे त्यांना कुणी समजावलेलंच नसतं. ई-कोर्ट्स ॲपवर १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक टाकला की सगळं दिसतं, पण तो नंबर पक्षकाराकडं असतो का तेही बघा. हा आमच्या वकील मंडळींचाही दोष आहे असं माझं स्पष्ट मत आहे.
लोकअदालतीत मिटलेली प्रकरणं धरणार असाल तर तडजोड झाली म्हणून न्याय मिळाला असं लिहू नका. कोर्ट फी परत मिळते हे चांगलंच, पण त्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळं ठरलेले पैसे नंतर खरंच हातात पडले का हे काही महिन्यांनी विचारायला हवं.
नावं, गट नंबर लिहून घेऊ नका, सल्लाही देऊ नका, तुम्हाला अजून सनद नाही. १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर मात्र प्रत्येकाला द्या.

लॉ_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला प्रश्न आता असा करतेय: "गेल्या काही वर्षांत पैसे, जमीन, घर किंवा नात्यातल्या देण्याघेण्यावरून कुणाशी वाद झाला का, आणि आधी कुणाकडं गेलात?" बायकांशी आमच्यातल्या मुलीच बोलतील. पेठची ताई, तुमच्या भागात बाजाराच्या दिवशी यावं की बचत गटाच्या बैठकीला? आणि तिथली बोली येणारं कुणी सोबत मिळेल का?

पेठची_ताई
बचत गटालाच ये, बाजारात घाई असते. आमच्याकडची आदिवासी कोकणी बोली बोलणाऱ्या दोघी आहेत ओळखीच्या, मी विचारून ठेवते, तू मेसेज कर.