आज नको वाटत होतं, तरी बसलो: रोइंगच्या टीम चॅलेंजचे अनुभव

जानेवारी संपला. रोइंग मशीन (बसल्या जागी वल्हवायचं व्यायामाचं यंत्र) बनवणाऱ्या कॉन्सेप्ट टू कंपनीच्या व्हर्च्युअल टीम चॅलेंजमध्ये आपल्या अकरा जणांच्या टीमने पंधरा लाख मीटरचं लक्ष्य धरलं होतं. ते एकतीस तारखेला संध्याकाळी पूर्ण झालं. हिशोब केला तर माणशी रोज ४४०० मीटर, म्हणजे आरामात वल्हवणाऱ्याला वीस-बावीस मिनिटं.

नव्या लोकांसाठी सांगतो. महिनाभर प्रत्येकाने आपापल्या मशीनवर जितके मीटर मारले तितके कंपनीच्या ऑनलाइन लॉगबुकमध्ये चढवायचे, सगळ्यांची बेरीज टीमच्या नावावर जमा होते. कोणी कोणाच्या शेजारी बसत नाही. आमच्यातल्या निम्म्यांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. मशीन मात्र माझ्याकडे तीन वर्षं होतं आणि एकट्याने ठरवून एकही महिना सलग निभावला नव्हता. या महिन्यात निभावला.

म्हणून सगळ्यांना एकच विचारतोय: ज्या दिवशी अजिबात नको वाटत होतं, त्या दिवशी सीटवर कशाने बसवलं? नसाल बसला, तर तेही लिहा.

सुरुवात मी करतो. टीमचा कॅप्टन म्हणून मी रोज सकाळी एकूण बेरीज टाकायचो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच हुरूप होता. दुसरा आठवडा सरता सरता मी "आपण तीस हजारांनी मागे आहोत" असं लिहायला लागलो आणि गटात शांतता पसरली. सोळा तारखेला चौघांच्या नावापुढे शून्य. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री यादी पुन्हा वाचली तेव्हा एका ताईंचे १००० मीटर दिसले, वेळ रात्री अकरा दहा. मी मात्र दिवसभर फक्त बेरीज बघत बसलो होतो. सतरा तारखेपासून बेरीज टाकणं बंद केलं आणि कोणी काल काय केलं ते नाव घेऊन लिहायला लागलो. त्या चौघांपैकी तिघांचे आकडे दुसऱ्याच दिवशी आले.

*

दादा, त्या हजार मीटरवाल्या ताई म्हणजे मी.

मी रुग्णालयात काम करते, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते. सोळा तारखेला सुट्टी होती, पण आदल्या रात्रीचा थकवा अंगात होता. दिवसभर झोपले, उठले, घरातलं आवरलं, आणि रात्री पावणेअकराला आठवलं की आज काहीच झालं नाही. मशीन आमच्या बोळकांडीत उभं करून ठेवलेलं असतं. ते आडवं करायचं म्हणजे चपलांचं कपाट सरकवावं लागतं. खरं सांगते, मी त्या कपाटासमोर पाच मिनिटं नुसती उभी होते.

मग स्वतःला म्हटलं, हजारच. कपडेही बदलले नाहीत. पायाचे पट्टे आवळले, हँडल हातात घेतलं. पहिले दोनशे मीटर शरीर जड होतं. तीनशेच्या आसपास पंख्याचा आवाज एका लयीत आला, मागे जाताना घूं, पुढे येताना तो हळूहळू विरत जाणारा. श्वास त्याला जुळला. हजार झाले तेव्हा पाच मिनिटं वीस सेकंद झाली होती. आणखी मारता आले असते, पण मी थांबले, कारण स्वतःला शब्द दिला होता हजारचा. उद्या पुन्हा "हजारच" म्हटलं तर मनाने त्यावर विश्वास ठेवायला हवा ना.

सकाळी गटात माझं नाव दिसलं, "काल रात्री ११ ला १०००." पुढे कोणीतरी फक्त हात जोडलेले टाकले होते. मी ड्यूटीला जाताना बसमध्ये ते तीनदा उघडून पाहिलं. माझ्या कामात चांगलं केलेलं कोणाच्या लक्षात येत नाही, चुकलेलं मात्र लगेच येतं. इथे माझे हजार मीटर कोणीतरी मोजले होते.

उरलेल्या महिन्यात माझे असे नऊ दिवस झाले. नऊ हजार मीटर. टीमच्या बेरजेत काहीच नाही, पण माझ्यापुढे एकही शून्य नाही.

*

माझं कारण सरळ आहे. यादीत माझ्या खाली एक काका होते, वय एकाहत्तर. ते रोज सकाळी सहाच्या आत ५००० टाकायचे. मी उठून फोन बघेपर्यंत त्यांचं झालेलं असायचं. मला त्यांच्या पुढे राहायचं होतं, बस्स. शेवटी काकाच चौदाशे मीटरने पुढे गेले आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला.

*

मी कॉलेजात असताना पाण्यावर रोइंग करायचो, त्यामुळे थोडं तंत्राबद्दल लिहितो. मला वाटतं, बऱ्याच जणांचा उत्साह मन कमी पडल्यामुळे जात नाही. ते चुकीचं वल्हवतात, रोज दमून उठतात, आणि मग शरीरच नको म्हणतं.

पहिल्या आठवड्यात तिघांनी मला मशीनचे फोटो पाठवले. तिघांचाही डॅम्पर, म्हणजे पंख्याच्या बाजूचा १ ते १० आकड्यांचा खटका, १० वर. डॅम्पर वाढवला म्हणजे व्यायाम वाढला असा समज असतो. तो खटका फ्लायव्हीलच्या, म्हणजे आतल्या पंख्याच्या, पिंजऱ्यात किती हवा शिरू द्यायची एवढंच ठरवतो, सायकलच्या गिअरसारखा. जोर किती लागतो ते तुम्ही किती ओढता त्यावर असतं. ३ ते ५ च्या मध्ये ठेवा. १० वर कंबर आणि खांदे लवकर थकतात.

दुसरं म्हणजे स्ट्रोक रेट, म्हणजे मिनिटाला किती वेळा ओढता ते. एका मैत्रिणीचा मिनिटाला ३० स्ट्रोक आणि स्प्लिट २:४०, म्हणजे ५०० मीटरला दोन मिनिटं चाळीस सेकंद. ती नुसती पुढे-मागे धावत होती. तिला म्हटलं, मिनिटाला २० च स्ट्रोक मार. आधी पाय रेट, पाय सरळ होत आले की पाठ मागे ने, सगळ्यात शेवटी हात. परत येताना उलट: हात, पाठ, मग गुडघे. आणि परत यायला ओढण्याच्या दुप्पट वेळ घे. चार दिवसांनी तिचा स्प्लिट २:२८ झाला आणि ती म्हणाली, पहिल्यांदाच वल्हवताना विचार करता आला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या मशीनवर ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. २:३० च्या स्प्लिटला साधारण १०४ वॅट लागतात, २:०० ला २०३. जवळजवळ दुप्पट. ५००० मीटर २:०० ने मारले तर वीस मिनिटं, २:३० ने पंचवीस. म्हणजे पाच मिनिटं जास्त दिली की निम्म्या ताकदीत तेच ५००० टीमच्या खात्यात पडतात. अशा चॅलेंजमध्ये मीटर हा मीटर असतो, तो कोणत्या वेगाने आला हे कोणी विचारत नाही. मग रोज जीव काढण्यात काय अर्थ आहे? ज्यांनी हे मनावर घेतलं ते एकतीस तारखेपर्यंत टिकले. ज्यांनी रोज कालच्यापेक्षा वेगात जायचा हट्ट धरला त्यातले दोघे दहा तारखेला थांबले, आणि त्यांना थांबवता आलं नाही याचं मला वाईट वाटतं.

*

वरचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं, जरी सोपं नाही. हे मागच्या वर्षीच्या जानेवारीतलं, दुसऱ्या टीममधलं.

आम्ही शेवटच्या शनिवारी साठ हजारांनी मागे होतो. कोणी मला सांगितलं नव्हतं, पण मी ठरवलं की ही तूट आपण भरायची. त्या आधी कधी दहा हजारांच्या वर गेलो नव्हतो. शनिवारी सकाळी हाफ मॅरेथॉन, २१,०९७ मीटर, एक तास बेचाळीस मिनिटं. बारा हजारांनंतर पाठ गोल व्हायला लागली होती, मला कळत होतं. हाताच्या बोटांच्या मुळाशी फोड आले, ते फुटले, तरी हँडल सोडलं नाही. गटात कौतुकाचा पाऊस पडला. रविवारी पुन्हा दहा हजार मारले. सोमवारी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि वर उठता येईना.

तीन आठवडे मशीन बंद. डॉक्टरांनी विचारलं, एवढी काय घाई होती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. टीम तरीही लक्ष्याच्या अलीकडेच राहिली आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

यंदा या टीममध्ये येताना मी कॅप्टनना एकच अट घातली: दुसऱ्याची तूट भरायला कोणी बसायचं नाही. त्यांनी ती पहिल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवली. मला ते फार महत्त्वाचं वाटलं.

*

मी मानसशास्त्र शिकवते, आणि रोइंगचा या विषयाशी जुना संबंध आहे, म्हणून थोडं सांगते.

१९२० च्या दशकात ओटो कोलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका रोइंग क्लबातल्या माणसांना उभं राहून वजन उचलायला लावलं. आधी एकेकट्याने, मग दोघा-तिघांनी मिळून एकच जड दांडा. एकाने सोडलं की सगळ्यांचं संपलं. यात जो सगळ्यात कमी ताकदीचा होता तो एकट्याने जितका वेळ टिकायचा त्यापेक्षा गटात जास्त टिकला. आणि हा परिणाम जोडीदार खूपच बलवान असला की कमी व्हायचा, फरक बेताचा असला की सगळ्यात जास्त दिसायचा.

याच्या उलट मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याचं निरीक्षण. त्याचा लेख १९१३ चा. दोर ओढायला माणसं वाढवत गेलं की प्रत्येकाचा जोर कमी कमी होत जातो.

आमचं चॅलेंज हे बेरजेचं, म्हणजे दोर ओढण्यासारखं. अकरात एकाने नाही ओढलं तर चटकन कळत नाही. म्हणून वीस तारखेला मी सुचवलं की तिघातिघांचे गट करू या, साधारण सारख्या ताकदीचे. तीन गट तिघांचे आणि एक जोडी. नियम असा की तिघांपैकी प्रत्येकाचे निदान ५०० मीटर पडले तरच त्या गटाचा दिवस भरला. ५०० मीटर म्हणजे दोन-तीन मिनिटं, हे आजारी नसलेल्या कोणालाही जमतं. माझ्या गटातली एक मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री ५०० मारून गेली. मी तिला नको म्हणाले होते. ती म्हणाली, तुमचा दोघींचा दिवस बुडाला असता.

हा दबाव झाला का? थोडा झाला, मी नाकारणार नाही. म्हणून दुखणं किंवा ताप असेल त्याला सूट, कारण न विचारता, हे आम्ही लगेच जोडलं.

*

माझे पाय चालत नाहीत. सीट रुळावर हलू नये अशी पक्की करून घेतली आहे आणि मी खांदे व हात यांनीच ओढतो. माझा स्प्लिट ३:३० च्या आसपास. वीस मिनिटांत तीन हजारही होत नाहीत.

पहिल्या आठवड्यात यादीत मी कायम शेवटी. कोणी काही बोललं नाही, उलट सगळे फार जपून बोलायचे, आणि तेच मला जास्त लागलं. मी कॅप्टनना फोन करून सांगितलं की मीटरच्या शेजारी मिनिटांचा रकाना घाला. त्यांनी त्याच दिवशी घातला. महिन्याअखेर मिनिटांत मी दुसरा होतो. मीटरमध्ये शेवटचाच होतो, पण मग ते जपून बोलणं थांबलं. लोक मला विचारायला लागले की एवढा वेळ बसून खांदा कसा सांभाळतोस.

टीम काढणाऱ्या कोणीही हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा.

*

मला यादी मानवली नाही. रोज आकडे बघून छातीत धडधड व्हायची, वल्हवताना माझं लक्ष स्वतःच्या श्वासाऐवजी वरच्या नावावर असायचं. बारा तारखेला मी गट म्यूट केला आणि फक्त लॉगबुकमध्ये मीटर चढवत राहिले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची, बस. सत्तावीस खुणा झाल्या. टीमला माझे मीटर मिळाले आणि मला माझी शांतता. असंही टीममध्ये राहता येतं, एवढंच सांगायचं होतं.

*

एक फेब्रुवारीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

एक तारखेला मशीनवर बसले, दोन हजार मारले, फोन उचलला आणि लक्षात आलं की आता हे सांगायचं कोणाला? यादी बंद झाली होती. दोन आणि तीन तारखेला बसलेच नाही. महिनाभराची सवय दोन दिवसांत सुटते की काय, या भीतीने मी माझ्या तिघींच्या गटातल्या दोघींना फोन लावला. त्यांचीही तीच गत होती.

आता आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला कॉल लावतो. व्हिडिओ नाही, फोन मशीनच्या बाजूला जमिनीवर ठेवतो. वीस मिनिटं कोणी बोलत नाही. दोघींचे पंखे ऐकू येतात, एकीचा जरा खरखरतो, तिने साखळीला तेल द्यायला हवं. माझा वेग ढिला पडला की मला त्यांच्या आवाजावरून कळतं. वीस मिनिटं झाली की आम्ही स्प्लिट सांगतो, पाणी पितो, कॉल बंद.

कॉलमध्ये अजून दोघा-तिघांची सोय होईल. दादा, त्या शून्यवाल्या चौघांपैकी जे एक जण दुसऱ्या दिवशी परत आले नाहीत, त्यांना माझा नंबर द्या.