चर्चा: ओल्या बाळंतिणीने भेगांवर नॅनो-चांदीचं जेल लावावं का?

रेणुकण (धागा सुरू करणारी):
जखमेवर लावायचं नॅनो-चांदीचं जेल (नॅनो म्हणजे साधारण १०० नॅनोमीटरच्या आतले, अतिसूक्ष्म कण) मेडिकलमध्ये सहज मिळतं आणि स्तनाग्राच्या भेगांवरही लावलं जातं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: अंगावर पाजणाऱ्या बाईने ते स्तनाग्राला लावू नये. कारण साधा हिशेब.

समजा जेलमध्ये ०.००२ टक्के चांदी आहे, म्हणजे ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम. एका वेळी तुरीच्या दाण्याएवढं, साधारण ०.२ ग्रॅम जेल लागलं, तर ४ मायक्रोग्रॅम चांदी झाली. दिवसातून ८ वेळा पाजलं आणि दर वेळी लावलं तर ३२ मायक्रोग्रॅम. बाळ ४ किलोचं असेल आणि सगळं त्याच्या पोटात गेलं, तर किलोमागे ८ मायक्रोग्रॅम होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पोटात जाणाऱ्या चांदीची मर्यादा रोज किलोमागे ५ मायक्रोग्रॅम धरली आहे. इथे दुधात काय उतरतं हा प्रश्नच येत नाही. चांदी थेट बाळाच्या जिभेवर आहे.

शिवाय चांदी जंतू मारते म्हणूनच ती जेलमध्ये असते. नवजात बाळाच्या आतड्यात चांगले जंतू नुकतेच रुजत असतात. तिथे हे रोज कशाला?

वाटीचमचा:
हिशेब बरोबर, निष्कर्ष पटला नाही. ती ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आयुष्यभर रोज पोटात जाणाऱ्या चांदीसाठी आहे आणि कातडी निळसर-करडी पडण्याच्या विकारावरून काढलेली आहे. भेगा काही दिवसांत भरतात. त्यातही लावलेलं सगळं जेल बाळ गिळत नाही, निम्मं तर ब्राच्या कापडाला लागतं. तुमच्या आकड्याचा निम्मा हिस्सा धरला तरी तो मर्यादेच्या आत येतो.

मला भीती दुसरीच आहे. 'नॅनो' हा शब्द ऐकला की घरातली मोठी माणसं म्हणणार, "दोन दिवस वरचं दूध दे." दोन दिवस पाजलं नाही की दूध तुंबतं, गाठी होतात, मग ताप. भेगांपायी दूध तुटणं हा समोर दिसणारा धोका आहे. चांदीचा धोका अजून कागदावर आहे.

रेणुकण:
@वाटीचमचा, पाजणं थांबवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण 'कागदावर' हा शब्द मान्य नाही. उंदरांना तोंडावाटे नॅनो-चांदी दिल्यावर ती आईच्या दुधात आणि पिल्लांच्या शरीरात सापडली आहे. ती मर्यादाही मोठ्यांच्या शरीरावरून काढलेली आहे, नवजाताच्या नाही. बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड अजून पुरतं तयार नसतं.

पडदा_आणि_पेशी:
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहतेय. रक्त आणि दूध यांच्यामधला पडदा कायम सारखा नसतो. दूधग्रंथीच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, पण बाळंतपणानंतरचे पहिले दोन-चार दिवस, म्हणजे चिकाच्या दिवसांत, ती शिवण सैल असते. त्या फटींतून सोडियम आणि मोठी प्रथिनं दुधात येतात. स्तनाला सूज येऊन ताप आला की शिवण पुन्हा सैल होते. तेव्हा दुधाची चव खारट लागते आणि काही बाळं त्या बाजूला प्यायला तयार होत नाहीत. कण आत शिरण्याचा प्रश्न असलाच, तर तो या दोन खिडक्यांपुरता जास्त आहे. बाकीच्या दिवसांत पेशींमधल्या फटींची वाट जवळपास बंद असते.

पुराव्याची प्रतही बघा. टायटॅनियम डायऑक्साइडच्या (सनस्क्रीनमध्ये असते ती पांढरी पूड) नॅनोकणांनी हा पडदा फाटल्याचा जो प्रयोग दाखवला जातो, त्यात कण उंदरिणीला शिरेतून टोचले होते. कातडीवर मलम लावणं आणि शिरेत टोचणं यांची तुलना होत नाही. माणसाच्या दुधात नॅनोकण मोजणंही अवघड आहे, कारण दूध स्वतःच नॅनोकणांनी भरलेलं असतं: केसिन या दुधातल्या प्रथिनाचे गोळे, पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या. परका कण ओळखायचा तर आधी हे सगळं बाजूला काढावं लागतं. रोममध्ये ३४ आयांच्या दुधाची तपासणी झाली, २०२२ साली ती छापून आली आणि २६ जणींच्या दुधात प्लास्टिक सापडलं. पण ते कण २ मायक्रॉन आणि त्याहून मोठे होते, म्हणजे २००० नॅनोमीटरच्या पुढचे. त्या आकड्यावरून नॅनोकणांबद्दल काहीच ठरत नाही.

वाटीचमचा:
+१. त्याच प्लास्टिकच्या बातमीवर "आता पावडरचं दूधच बरं" असे निरोप फिरतात. डब्लिनच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण निघाले. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. वरचं दूध द्यावंच लागत असेल तर पाणी स्टीलच्या भांड्यात उकळा. पावडर ७० अंशांच्या वरच्या पाण्यात स्टीलमध्येच कालवा, कोमट होऊ द्या आणि मगच बाटलीत ओता. उकळलेली बाटलीही आधी उकळून गार केलेल्या पाण्याने विसळून घ्या. बोंडलं किंवा वाटी-चमचा वापरला तर बाटलीचा प्रश्नच मिटला.

ऊन_सावली:
सनस्क्रीनचंही इथेच विचारते. झिंक ऑक्साइडवालं चालेल ना?

पडदा_आणि_पेशी:
@ऊन_सावली, लोशन चालेल, स्प्रे नको. युरोपच्या वैज्ञानिक समितीने नॅनो झिंक आणि नॅनो टायटॅनियम २५ टक्क्यांपर्यंत कातडीवर मान्य केलंय, पण फुफ्फुसात जाईल असा फवारा नको म्हटलंय. धड कातडीतून हे कण जवळपास आत जात नाहीत. छाती आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग तेवढा सोडा, कारण बाळाचे ओठ तिथे टेकतात.

धूरमापी:
वर एवढी चर्चा झाली, पण बाळंतिणीच्या खोलीतला सगळ्यात मोठा नॅनोकणांचा साठा कोणी बोललंच नाही. धुरी! शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, ऊद आणि दार-खिडकी बंद. जळणातून निघणारे बहुतेक कण संख्येने शंभर नॅनोमीटरच्या आतले असतात. ते दुधातून फिरून येत नाहीत, थेट बाळाच्या नाकात जातात. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं. त्यात रात्री डासांची कॉइल. एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरल्याचं मोजमाप २००३ पासून उपलब्ध आहे. जेलमधल्या ४ मायक्रोग्रॅमवर भांडायचं आणि कॉइल पाळण्याखाली ठेवायची, हा प्राधान्यक्रम उलटा आहे.

अंगणवाडीच्या_वाटेने:
@धूरमापी, मुद्दा खरा, पण 'धुरी बंद' म्हटलं की सासूबाई ऐकत नाहीत आणि सुनेची अडचण होते. शेक आणि धूर वेगळे करून सांगा. बाळंतिणीला ऊब हवी असते, कंबर शेकून हवी असते. तव्यावर गरम केलेली फडक्याची घडी किंवा गरम पाण्याची पिशवी तेच काम करते. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून घेतली तर वासही येतो, धूर होत नाही. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत नकोच, त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्याला वास नसतो. कॉइलऐवजी मच्छरदाणी.

धूरमापी:
पुरचुंडीची युक्ती उत्तम आहे, हेच सांगायला हवं.

रेणुकण:
धूर पहिला, हे मान्य. पण मोठा धोका दाखवल्याने लहान धोका नाहीसा होत नाही, विशेषतः तो घ्यायची गरजच नसेल तर. भेगा पडतात त्या बहुतेक वेळा बाळ स्तनाला नीट न लागल्यामुळे. ते सुधारल्याशिवाय कुठलंही जेल लावलं तरी पुढच्या पाजण्यात भेग पुन्हा उघडते. चार गोष्टी बघा: तोंड जांभई दिल्यासारखं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसणारा. दुखत असेल तर ओढून काढू नका. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब दूध भेगेवर चोळून वाळू द्या. फार कोरडं वाटलं तर शुद्ध लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण), तेही अगदी पातळ.

वाटीचमचा:
या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. डॉक्टरांनी जेल दिलंच असेल तर माझी भूमिका अशी: पाजून झाल्यावर लावा, पुढच्या पाजण्याआधी ओल्या मऊ कापडाने पुसून काढा, पाच दिवसांच्या पुढे नेऊ नका. आणि नळीवरचं नाव वाचा. 'सिल्व्हर सल्फाडायझिन' असेल तर ते स्तनाग्राला अजिबात नको. त्यात नॅनोकणांचा संबंध नाही, त्यातलं सल्फा हे जंतुनाशक औषध कावीळ असलेल्या किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला घातक ठरू शकतं. भाजल्यावरचं म्हणून ते घराघरांत पडलेलं असतं आणि चांदीचं मलम म्हणून तेच लावलं जातं.

रेणुकण:
हे मूळ धाग्यात घालते. पुसून काढायचं तर आधी लावायचं कशाला, हा माझा प्रश्न मात्र तसाच आहे.

वाटीचमचा:
दोन पाजण्यांमध्ये दोन-तीन तास असतात. भेगेत पू झाला असेल तर तेवढा वेळ औषध जखमेवर राहणं गरजेचं असतं. पू नसेल, नुसती भेग असेल, तर तुमचं बरोबर: दूध चोळा आणि बाळ नीट लावा.