जुनं तीन-स्क्रूवालं रुगर सिंगल-सिक्स घेताना काय काय तपासावं?

जर्सीकर

पेनसिल्व्हेनियातल्या एका दुकानात .२२ चं रुगर सिंगल-सिक्स रिव्हॉल्व्हर विकायला आहे. साडेपाच इंची नळी, फ्रेमच्या उजव्या बाजूला तीन स्क्रू, लोडिंग गेट (काडतुसं भरायची झडप) गोलाईचं. सोबत मॅग्नम काडतुसांसाठीचं जादा सिलिंडर. दुकानदार १९६२ चं सांगतो. रेंजवर अधूनमधून वापरायचं आणि बाकी जपून ठेवायचं, असा विचार आहे. हातात घेतल्यावर नेमकं काय बघू? राहायला न्यू जर्सीत, ग्रीन कार्ड आहे.

अर्धा_घोडा

रिकामं आहे ना, हे सहाही खाने डोळ्यांनी बघून ठरवा. मग दुकानदाराला विचारूनच घोडा (मागचा हॅमर, चाप नव्हे) चढवा.

आधी मॉडेल नक्की करू. सिंगल-सिक्स १९५३ पासून निघतं. सुरुवातीची काही वर्षं गेट सपाट पत्रीसारखं होतं. संग्राहक त्याला जास्त पैसे मोजतात. तुमचं त्यानंतरचं. १९७३ ला ‘न्यू मॉडेल’ आलं, त्यात स्क्रूंच्या जागी दोन पिना आहेत. म्हणजे तीन स्क्रू दिसले की १९७३ पूर्वीचं. नेमकं वर्ष सिरियल नंबरावरून रुगरच्या संकेतस्थळावर मिळतं, दुकानदाराच्या शब्दावर थांबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या मॉडेलमध्ये घोडा खाली असताना तो थेट फायरिंग पिनवर टेकतो आणि पिन काडतुसाच्या कडेवर. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, घोड्यावर मार बसला, तर गोळी सुटते. म्हणून सहा खान्यांत पाचच काडतुसं. घोडा अर्धा चढवा, गेट उघडा, एक भरा, एक खाना सोडा, पुढचे चार भरा, गेट लावा, घोडा पूर्ण चढवा आणि अंगठ्याने धरून हळू खाली आणा. तो बरोबर रिकाम्या खान्यावर येतो. तरी पहिल्या काही वेळा बाजूने डोकावून खात्री करा.

अर्ध्यावरून घोडा तसाच खाली सोडायचा नाही. बोल्ट (सिलिंडर अडवणारा खटका) सिलिंडरवर घासतो आणि भोवती चकचकीत रेघ उमटते. ती रेघ खोल असेल तर आधीच्या मालकाची सवय कळली.

नळीत_उजेड

वर सांगितलंय त्यात सिलिंडरची भर घालतो, कारण फसगत तिथेच होते.

मॅग्नम सिलिंडरची पुढची बाजू तिरप्या उजेडात धरा. कारखान्यातून जोडीने निघालेल्या सिलिंडरवर रिव्हॉल्व्हरच्या सिरियल नंबराचे शेवटचे तीन आकडे बारीक, हाताने कोरल्यासारखे दिसतात. ते फ्रेमवरच्या नंबराशी जुळले पाहिजेत. न जुळलेलं सिलिंडर नंतर कुठून तरी आणून बसवलेलं. ते चालेलही, पण जोडीची किंमत देऊ नका. दोन्ही सिलिंडर आळीपाळीने बसवून पुढच्या सगळ्या तपासण्या दोनदा करा.

घोडा सावकाश चढवा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर ‘टक्’ करून अडकायला हवं. सहाही खान्यांवर. एखाद्यावर अडकलं नाही तर हँड (सिलिंडर फिरवणारा भाग) झिजलाय. मग नळी आणि सिलिंडर यांच्यातल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ०.००६ इंचाच्या आसपास उत्तम, ०.०१० च्या पुढे गेली तर मी सोडून देईन. सिलिंडर पुढे-मागे हललं तर फट बदलते, म्हणून ते मागे दाबून मोजा.

मागच्या बाजूने प्रत्येक खान्याच्या काठावरून नख फिरवा. रिकामा चाप ओढून ओढून पिनेने काठ ठेचला असेल तर नख अडतं. तिथे काडतूस बसता बसत नाही, टरफल निघता निघत नाही. चेंबर आयर्निंग टूलने काठ परत बसवता येतो. कानस मात्र लावू नये, धातू कायमचा जातो. घरी सराव करायचा तर भिंतीत बसवायचे पिवळे प्लॅस्टिकचे रावळप्लग, ४-६ नंबरचे, लाँग रायफलच्या (साध्या .२२ काडतुसाच्या) खान्यात छान बसतात. पिनेला ते पुरतात.

लाँग रायफल काडतूस मॅग्नमच्या खान्यात शिरतं म्हणून झाडू नका. मॅग्नमचं टरफल जाड आहे, खाना मोठा आहे. छोटं टरफल फुगून फाटतं आणि गरम वायू मागे येतो.

निळी_झिलई

मूळ ब्लूइंग (पोलादावरची निळसर झिलई) की पुन्हा केलेलं? नळीवरची अक्षरं बघा. कडा ताज्या, धारदार असाव्यात. पॉलिश-चाकावर गेलेल्या नळीची अक्षरं भरल्यासारखी दिसतात, फ्रेमच्या कडा गोल होतात, स्क्रूंची भोकं बशीसारखी पसरतात. गेट जांभळट दिसलं तर घाबरू नका, त्या काळच्या ओतीव पोलादावर असा रंग चढतो.

दुसरं म्हणजे ट्रान्सफर बार, म्हणजे चाप ओढल्याशिवाय घोड्याचा मार पिनेपर्यंत पोचू न देणारी पट्टी. रुगर जुन्या मॉडेलांना तो फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत करते. घोडा चढवून फटीत बघा: घोडा आणि पिन यांच्या मध्ये पोलादी पट्टी वर आली असेल तर बदल झालाय. वापरायला तेच चांगलं. पण मूळ भागांची पिशवी विचारा. ती हरवली असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते.

जर्सीकर

खूप आभार. पेनसिल्व्हेनियात पैसे देऊन तिथूनच नेता येईल का?

अर्धा_घोडा

नाही. दुसऱ्या राज्यातलं हँडगन तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानात पाठवून घ्यावं लागतं. तिथे फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म) आणि पार्श्वभूमी तपासणी. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी वेगळं खरेदी परमिट लागतं, तेव्हा आधी तो अर्ज करा, मग विसार द्या. ग्रीन कार्ड चालतं. हे वाचणाऱ्या एच-१बीवाल्यांसाठी: नियम वेगळे आहेत. वैध शिकार परवान्यासारखे ठरावीक अपवाद सोडले तर बंदूक बाळगणंच संघीय गुन्हा आहे, वकिलाला विचारल्याशिवाय हातही लावू नका.

आणि घरी आणल्यावर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षार नळीला गंज चढवतात. तेलाचा पातळ हात फिरवून सुती कापडात, कुलूपबंद तिजोरीत. दर दोन-तीन महिन्यांनी मुठीच्या फळ्या उघडून आतलं लोखंड बघा. गंज बहुधा तिथूनच सुरू होतो.