मदत हवी आहे: आईला नाशिकहून न्यूयॉर्कला कसं पाठवू?

नमस्कार मंडळी. आई पहिल्यांदाच ताईकडे न्यूयॉर्कला निघाली आहे, तीही एकटी. तिचे गुडघे दुखतात, आणि जास्त वेळ बसलं की पाय इतके सुजतात की चपलेचा पट्टा रुततो.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना १५-१६ तास लागतात. पश्चिमेकडून येणारे वरचे वारे समोरून लागतात, म्हणून परतीपेक्षा जाताना वेळ जास्त. पण माझी खरी काळजी आहे ती आधीच्या रस्त्याची. कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडला की चार तासांचे किती होतील, काही सांगता येत नाही. शिवाय विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं.

दुसरा पर्याय म्हणजे नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्ली आणि तिथून पुढे. रस्ता वाचतो, पण दिल्लीत टर्मिनल बदलावं लागलं तर? दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅगा आईलाच घ्याव्या लागतील ना?

ज्येष्ठांना कोणी असं पाठवलं आहे का? व्हीलचेअर सांगितल्यावर माणूस इमिग्रेशनपर्यंत सोबत असतो का? आईला इंग्रजी जमत नाही, हिंदी येतं. कृपया स्वतःचा अनुभव सांगा, तिकीट याच आठवड्यात काढायचं आहे.