साडेचार किलोची सॅक, आणि बाकीचं ओझं कुणाच्या पाठीवर?

भैरवकडा
'हलकाफुलका' यांची परवाची 'माझ्या आवडत्या हलक्या वस्तू' ही यादी वाचली. साडेतीनशे ग्रॅमचा टार्प (तंबूऐवजी दोरीने ताणायचं कापड), टायटॅनियमचं भांडं, डाऊनची म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांची क्विल्ट, अर्धा कापलेला टूथब्रश. अन्नपाणी सोडून सगळं साडेचार किलोत. यादीबद्दल तक्रार नाही, ज्याची त्याची हौस. पण शेवटी ठोकून दिलंय की सह्याद्रीत साठ लिटरची सॅक घेऊन फिरणारे ते ट्रेकर नव्हेत, हमाल.

बरं. मग या हमालाचे दोन प्रश्न.

साडेचार किलो म्हणजे अमेरिकेतले दहा पौंड, तिथल्या 'अल्ट्रालाइट' म्हणजे अतिहलक्या सॅकची मर्यादा. रे जार्डिन या अमेरिकी भटक्याने हे खूळ रुजवलं ते तिथल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांबलचक पायवाटेच्या अनुभवावर. त्या वाटेच्या कॅलिफोर्नियातल्या भागात उन्हाळा जवळपास कोरडा जातो. आपल्याकडे जुलैत नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहा, पाऊस खालून वर येतो. तिथे टार्प कुणीकडून ताणणार? आणि डाऊन एकदा भिजलं की ऊब संपली.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तुम्ही त्या टार्पखाली झोपलात कधी? फोटोत राजगडावरचं पद्मावतीचं देऊळ दिसतंय. दगडी भिंती, डोक्यावर छप्पर. त्याचे ग्रॅम किती धरले? स्टोव्ह नाही, कारण चूल गावातली. सॅक हलकी झालेली नाही, नुसती दुसऱ्याच्या खांद्यावर गेलीय.

हलकाफुलका
यादी नीट वाचली असती तर दिसलं असतं की डाऊन फक्त डिसेंबर-जानेवारीत. पावसात सिंथेटिक. टार्प पॉलिस्टरचा आहे, नायलॉनसारखा भिजून लोंबत नाही. वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवून बांधायची, उंच मांडव घालायचा नाही. हे तुम्हाला कुणी दाखवलं नसेल तर त्यात टार्पचा काय दोष?

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने कोकणकड्याकडे चढताना तुमच्यासारखे मावळे बघितलेत. पाठीवर पंधरा-सोळा किलो, प्रत्येक खडकाळ टप्प्यावर सॅक आधी दोराने वर ओढायची, मग माणूस. मागचे सगळे उन्हात खोळंबलेले. गुडघे गेले की बोलूच.

आणि देवळात मुक्काम कधीपासून फसवणूक झाली? आपल्याकडे सगळेच करत आलेत.

तात्या_मावळ
घोंगडी घ्या एक. भिजली तरी ऊब देते. अंथरा, पांघरा, पावसात खोळ करून डोक्यावर घ्या. पोरं उगाच भांडतात.

हलकाफुलका
तात्या, घोंगडी कोरडीच दोन-अडीच किलो. भिजल्यावर उचलायला गडीमाणूस लागेल.

तात्या_मावळ
आम्हीच उचलायचो.

घाटवाटकरीण
दोघांनाही एकदाच सांगते. तळ नसलेल्या कुठल्याही निवाऱ्यात मी सह्याद्रीत झोपणार नाही. फुरसं, तो विषारी साप, कधी बघितलंय जवळून? वीतभर-दोन वीत जीव, कातळाच्या रंगात मिसळून जातो. खाली शिवलेला तळ आणि चारी बाजूंनी जाळी, यासाठी पाऊण किलो जास्त वाहीन, खुशाल हमाल म्हणा.

माझी लाडकी हलकी वस्तू सांगू? सुती पंचा. डोक्याला बांधा, टाक्यातलं पाणी गाळा, गरम पातेलं उतरवा. पायात ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग बूट, ओल्या कातळावर त्यांनी मला अजून दगा दिलेला नाही. टायटॅनियमवाल्यांनी हेही लक्षात घ्यावं की १९५५ साली एमा गेटवूड नावाची ६७ वर्षांची आजी अमेरिकेतली अख्खी ॲपलेशियन ट्रेल एकटी चालून गेली. तीन हजार किलोमीटरच्या वर. कॅनव्हासचे बूट, घरी शिवलेली झोळी, न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबूही नाही.

भैरवकडा
ताई, हे उदाहरण तर माझ्याच पारड्यात टाकलंत. आजीबाई वाटेत लोकांची दारं ठोठावायच्या, कुणाच्या घरी जेवायच्या, कुणाच्या पडवीत पडायच्या. झोळी हलकी होती ती त्यामुळे.

घाटवाटकरीण
त्या कबूल तरी करायच्या. ग्रॅम मोजून तक्ते नाही मांडले.
(म्हणजे तुमचंच म्हणणं झालं. असू दे.)

सिॲटलकर
इथे अमेरिकेत वाटेवर गाव नसतं, पाच दिवसांचं अन्न पाठीवर. ऑलिम्पिक नॅशनल पार्कच्या किनाऱ्यावर तर जनावरं उघडू शकणार नाहीत असा अन्नाचा डबा सक्तीचा आहे. तो रिकामाच किलोभर भरतो, आणि अस्वलांपेक्षा रकूनच जास्त छळतात. तेव्हा बाकीचं हलकं करण्यावाचून गत्यंतर नाही. दोन दिवसांच्या हरिश्चंद्रगडाला एवढा आटापिटा कशाला?

हलकाफुलका
आलं परदेशातून प्रमाणपत्र.

घाटाखालचा
आमच्या घरी ट्रेकर जेवायला असतात, म्हणून लिहितो. गावाचं नाव देत नाही.

भैरवकडा साहेब, तुम्ही आमच्या वतीने फार हळहळलात. कुणी सांगितलं तुम्हाला की आम्हाला ओझं होतं? तो आमचा धंदा आहे. तुमच्यासारखे सगळं पाठीवर आणणारे येतात, गाडी अंगणात लावतात, ओसरीवर सॅक उघडून सामान लावतात, 'मावशी, जरा पाणी' म्हणतात आणि मॅगी गडावर करतात. उतरताना मॅगीचे कागद वरच राहतात. तुमच्या स्टोव्हचं आम्ही काय करू?

आता हलक्या मंडळींचं. फोन न करता रात्री नऊला पंधराजण दारात. आई झोपलेली असते, ती उठून पिठलं टाकते, भाकरी थापते. वर 'आम्ही लाइट ट्रॅव्हल करतो ना' हे ऐकायचं. आणि पाणी! एप्रिलात एकेक लिटरची बाटली घेऊन येता, वर टाकी आटलेली असतात, मग आमच्या हंड्यावर बाटल्या भरता. त्या दिवसांत आमच्या बायका टेकडी उतरून झऱ्यावरून पाणी आणतात. पावसात एवढं कोसळतं ते सगळं वाहून जातं, हे तुम्हाला माहीत नाही का?

खवचट_नगरकर
पाणी ठीक, पण जेवणाच्या दरांचंही बोला की. पिठलं-भाकरी, ठेचा, भात, एवढ्याला हायवेवरच्या हॉटेलचा दर लावतात हल्ली.

घाटाखालचा
हायवेवरच्या हॉटेलात रात्री नऊला कुणाची आई उठत नाही. सिलिंडर आम्हीच खालून आणतो. परवडत नसेल तर भैरवकडांसारखी मॅगी न्या, कागद परत आणा.

खवचट_नगरकर
लगेच आईवर कशाला जाता? पूर्वी लोक प्रेमाने जेवू घालायचे.

घाटवाटकरीण
पूर्वी महिन्याला चारजण यायचे, आता शनिवारी बसच्या बस उतरतात. प्रेमाने पन्नास भाकऱ्या थापून दाखवा आधी. दराची एवढी टोचणी आहे तर घरून डबा न्यावा, तो धरूनही सॅक साडेचार किलोच्या आत बसवावी.

भैरवकडा
मॅगीचे कागद आमचा गट परत आणतो, हे नोंदवून ठेवतो. पण घाटाखालचे यांनी पाण्याचं जे लिहिलंय तेच माझं मूळ म्हणणं होतं, फक्त त्यांनी नीट मांडलं. राजगडाच्या अळू दरवाजातून तोरण्याच्या बुधला माचीकडे निघालं की धारेवर भरवशाचं पाणी नाही. तिथे माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो पाठीवर असलेच पाहिजेत. टूथब्रश कापून वाचलेले पाच ग्रॅम तिथे कुणाच्या घशात ओतणार? अलंग-मदन-कुलंग या दोर लागणाऱ्या गडांना तर 'दोर वाटाड्या आणतो ना' म्हणणारे भेटलेत. तीस मीटरचा दोर दोन किलोच्या आसपास जातो. तोही वाटाड्याच्याच पाठीवर.

हलकाफुलका
दोराचं मी कुठे लिहिलं होतं? कुणाचंही खापर माझ्यावर.

पाणी अन्नासारखंच मूळ वजनात धरत नाहीत, हा नियम मी केलेला नाही. 'मी पाणी नेत नाही' असा त्याचा अर्थ होत नाही. तरी समाधान व्हावं म्हणून यादी बदलली: दोन लिटरची घडीची पिशवी, वर एक लिटरची बाटली, उन्हाळ्यात दोन्ही घरूनच भरलेल्या. जेवणाचा फोन दोन दिवस आधी. घाटवाटकरीण यांच्यासाठी जाळीचा तळ, साडेतीनशे ग्रॅम. बेरीज पाच किलोच्या जरा खाली. झालो मी अल्ट्रालाइटमधून बाद. पेढे वाटा.

पण गुडघ्यांचं मी जे लिहिलं त्याला अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.

तात्या_मावळ
माझे दुखतात.

भैरवकडा
उतरताना सोळा किलो जड जातात, हे कुणी नाकारलंय? माझा तंबू एकटाच साडेतीन किलोचा आहे. तुमचं मत पटलंय असा गैरसमज नको, पण ते पॉलिस्टरचं कापड कुठून घेतलं आणि शिवून कुणी दिलं, एवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हलकाफुलका
इथेच विचारा की सगळ्यांसमोर, हमाल.