चर्चा: जुना रेंजफाइंडर गोव्यात वापरण्यात अर्थ आहे का?

पिवळा चौकोन (धागाकर्ता)

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक 'अहाहा, तो क्लिकचा आवाज', दुसरा 'मोबाइल खिशात असताना हे काय खूळ'. दोन्ही बाजूला ठेवून कामाचं बोलू. माझं म्हणणं एवढंच: गल्ली, बाजार, जत्रा अशा ठिकाणी ३५ ते ५० मिमीच्या लेन्सने माणसांचे फोटो काढायचे असतील, तर फिल्मवर काम करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं यंत्र नाही. हे त्याच्या रचनेमुळे आहे, आठवणींमुळे नव्हे.

यात आपण लेन्समधून बघतच नाही. वरच्या खिडकीतून थेट समोरचं दिसतं आणि मधोमध एक पिवळसर चौकोन असतो. बाजूच्या छोट्या खिडकीतून आलेली दुसरी प्रतिमा अर्धपारदर्शक आरशावरून त्या चौकोनात मिसळते. फोकसची कडी फिरवली की लेन्समागचा कॅम एक दांडी ढकलतो, दांडी आतला आरसा किंवा प्रिझम किंचित वळवते आणि चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर सरकतात. एकजीव झाल्या की फोकस झाला. 'जरा धूसर वाटतंय का?' हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट चौकटीच्या रेषांची. फोटोत येणारा भाग रेषांच्या आत आणि त्याच्या बाहेरचंही दिसतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळांसमोर उभे राहिलात, तर डावीकडून टोपली घेऊन येणारी बाई चौकटीत शिरायच्या आधीच दिसते. एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच आरशावरून बघायच्या कॅमेऱ्यात, बटण दाबताना आरसा वर उडतो. इथे तो उडत नाही, त्यामुळे नेमक्या त्या क्षणी डोळ्यापुढे काळोख होत नाही.

आता आकडे. कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी३ घ्या: १९७२चा, ४० मिमी एफ/१.७ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). पणजीच्या फोंताइन्हासमधल्या सावलीच्या गल्लीत ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदना) फिल्मवर एफ/८ आणि १/१२५ सेकंद बसतं. फोकस ३ मीटरवर ठेवून द्या. साधारण २.१ ते ५.४ मीटरमधलं सगळं स्पष्ट येईल. कॅमेरा डोळ्याला लावायचा तो फक्त चौकट ठरवायला.

खारावारा

चौकोनबाब, रचना छान समजावलीत, पण गोव्याची हवा विसरलात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातली आर्द्रता ८०च्या खाली यायला तयार नसते. ७०च्या वर काही दिवस राहिली की लेन्सवर बुरशी धरायला तेवढं पुरतं. एसएलआरची लेन्स बिघडली तर दुसरी लावता येते. कॅनोनेट, याशिका यांची लेन्स अंगालाच जोडलेली, म्हणजे बुरशीने कोटिंग खाल्लं की अख्खा कॅमेरा गेला. शिवाय व्ह्यूफाइंडरमधल्या बारीक काचा आणि तो अर्धपारदर्शक आरसा यांनाही हीच हवा लागते. आरशाचा मुलामा उतरला की तुमचा लाडका पिवळा चौकोन फिका पडत पडत दिसेनासा होतो.

आणि किनाऱ्यावर काय करणार? मिरामारला भर दुपारी ४०० आयएसओला एफ/१६ आणि १/५०० ही सरळ मोजणी. या कॅमेऱ्यांचं शटर १/५००च्या पुढे जात नाही. एफ/२वर काढायचं म्हटलं तर १/३२००० लागेल. म्हणजे एफ/१.७ लेन्सचे पैसे मोजून दिवसभर एफ/१६वरच अडकून पडायचं.

खर्चही बघा. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून दीड हजार धरा. ३६ फोटोंना भागा, बटण दाबलं की चाळीस रुपये. लोक रस्त्यावरच्या फोटोंसाठी गाजलेल्या फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतात आणि तीन महिन्यांत एक रोल संपवतात. याला छंद म्हणा हवं तर, सोय म्हणू नका.

पिवळा चौकोन

खर्चाचं मान्य, पण तो फिल्मचा दोष, रेंजफाइंडरचा नाही. एसएलआरमध्ये रोल फुकट पडत नाही.

किनाऱ्यावर १०० किंवा २०० आयएसओची फिल्म घाला, नाहीतर एनडी८ हा करडा फिल्टर लावा. तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी होतो, एफ/१६चं एफ/५.६ होतं. कॅनोनेटमध्ये फिल्टरचा आटा ४८ मिमीचा आणि मीटरचा प्रकाश मोजणारा सेल लेन्सच्या कडीतच, फिल्टरच्या मागे. त्यामुळे मीटर आपोआप सुधारून मोजतो. याशिका इलेक्ट्रो ३५मध्ये मात्र सेल वर, अंगावर आहे. तिथे फिल्टर लावला की एएसएचा (म्हणजे आयएसओचाच) आकडा तेवढाच खाली आणावा लागतो, ४००चा ५० करायचा. हे विसरून रोल तीन स्टॉप कमी प्रकाशात जातो आणि वर 'जुना मीटर बिघडलाय' म्हणून बोंब.

आरसेमहाल

मी एसएलआरवाला, सांगून टाकतो. रेंजफाइंडरला काय जमत नाही ते आधी बघू. जवळचं जमत नाही: कॅनोनेट ०.८ मीटरच्या आत फोकस करत नाही. लांबचं जमत नाही: लायका एम३मध्येसुद्धा (१९५४) चौकटीच्या रेषा ५०, ९० आणि १३५च्या. पुढे खुंटलं. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात बगळे टिपायला हा कॅमेरा न्याल, तर खारफुटीचे फोटो घेऊन परत याल. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) फिरवताना परिणाम दिसत नाही. आणि सगळ्यात मोठं: लेन्सवर टोपी राहिली तरी खिडकीतून सगळं झकास दिसत राहतं. अख्खा रोल कोरा.

रात्रीच्या फोकसचं मात्र मान्य करतो. देवळाच्या जत्रेत दशावतारी काला चालू आहे, एका बाजूने एकच बल्ब. अशा वेळी एसएलआरच्या मॅट स्क्रीनवर डोळे ताणण्यापेक्षा दोन प्रतिमा जुळवणं सोपं जातं. पण सगळे रेंजफाइंडर सारखे नाहीत. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं वर्धन, यावर अचूकपणा ठरतो. एम३चं ६८.५ मिमी गुणिले ०.९१, म्हणजे सुमारे ६२. झोर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्याचं जेमतेम ३८. स्वस्तातला झोर्की घेऊन लायकासारखा फोकस मागू नये.

पेचकस

दोन्ही बाजू कॅमेरा ठीक आहे असं धरून भांडताहेत. पन्नास वर्षांचा कॅमेरा ठीक नसतो. विकत घेताना काय तपासायचं ते लिहितो, मग भांडा.

पहिलं, रेंजफाइंडर जुळलेला आहे का. मिरामारच्या वाळूत उभं राहून नदीपलीकडच्या आग्वादकडे बघा. उभी कड असलेलं काहीही चालेल, दीपस्तंभ, मनोरा. कडी अनंतावर टेकवा. चौकोनात कड आडवी फुटलेली दिसली तर अनंताची जुळणी गेली. एक प्रतिमा वर, एक खाली दिसली तर उभी जुळणी गेली. पहिल्या दोषाने फोकस चुकतो, दुसऱ्याने डोळा वैतागतो. झोर्कीत समोरच्या अंगाचा छोटा स्क्रू काढला की आत अनंताचा स्क्रू सापडतो. कॅनोनेटला वरचं झाकणच उघडावं लागतं.

दूरचं जुळलं म्हणून जवळचं जुळतंच असं नाही. मागचं दार उघडा, आतल्या दोन रुळांवर, म्हणजे जिथे फिल्म टेकते तिथे, मॅट चिकटपट्टी सुरकुती न पडता ताणून लावा. शटर बी वर (दाबून ठेवू तोवर उघडं), केबल रिलीजने उघडं धरा, छिद्र एफ/१.७. एक मीटरवर छापील कागद ठेवा, चौकोनात अक्षरं जुळवा आणि भिंगातून पट्टीवरची प्रतिमा बघा. या अंतराला स्पष्ट दिसणारा पट्टा सहा-सात सेंटिमीटरचाच असतो, चूक लपत नाही. पट्टी बाहेरच्या रुळांवर लावली तर मोजमाप चुकेल आणि चांगला कॅमेरा उगाच बिघडवून बसाल.

दुसरं, बॅटरी. कॅनोनेट १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला, ती आता बनत नाही. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन टाकली तर मीटर जास्त प्रकाश आहे असं समजतो आणि फोटो काळपट येतो. कानाच्या यंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्ट देते. आकाराने लहान, म्हणून भोवती रबरी वॉशर लावा. एकदा स्टिकर काढला की ती हळूहळू सुकते, दोन-अडीच महिन्यांनी बदलावीच लागते. याशिका इलेक्ट्रोची गोष्ट वेगळी. तिला ५.६ऐवजी ६ व्होल्ट चालतात, फक्त अडॅप्टर हवा. तिचा खरा रोग आतल्या रबरी गादीचा: कुजली की खटका (फिल्म पुढे सरकवायची दांडी) ओढताना येणारा 'टक्' आवाज येत नाही आणि शटरचा वेळ भरकटतो. दुकानात कानाशी धरून ओढून बघा.

तिसरं, मागच्या दाराच्या कडेचा, प्रकाश अडवणारा फोम. पन्नास वर्षांत त्याचा काकवीसारखा चिकटा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातकोरणीने खरवडून काढा, खाचेत काळी लोकर दाबून बसवा, बिजागरीकडे नवी फोमची पट्टी. काम होईपर्यंत शटरवर कागद झाका, नाहीतर तोच चिकटा पात्यांवर.

आणि कृपा करून अर्धपारदर्शक आरसा अल्कोहोलच्या बोळ्याने पुसू नका. मुलामा बोळ्यावर येतो, चौकोन कायमचा जातो. फुंकणीच्या पुढे जायचं नाही. फिका चौकोन थोडा उठून दिसायला हवा असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या बाहेरच्या काचेवर मधोमध मिरीएवढी काळी टेप चिकटवतात. ओंगळ दिसतं, पण चालतं.

खारावारा

पेचकसबाब, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. एवढं तपासायला लागतं त्याला 'सोयीचं यंत्र' कोण म्हणेल?

एक धोका तुम्हीही सोडलात. झोर्की, फेड, लायका यांचं शटर कापडी पडद्याचं असतं आणि पुढे आरसा नाही. टोपी काढून कॅमेरा गळ्यात किंवा वाळूत, लेन्स सूर्याकडे आणि फोकस अनंतावर, की लेन्स भिंगाचं काम करते आणि पडद्याला टाचणीएवढं भोक पडतं. मग प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका. आमच्याकडे तर वर्षातले आठ महिने ऊन.

पेचकस

भोकाचं खरं आहे. लीफ शटरच्या (लेन्समध्येच पात्यांचं शटर असलेल्या) कॅमेऱ्यांना, म्हणजे कॅनोनेट आणि याशिकाला, तो धोका नाही. त्यांचा शत्रू गाडीचा डॅशबोर्ड. उन्हात तापला की फोकसच्या आट्यातलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. बटण दाबलं की आवाज येतो, पाती हलत नाहीत. पुढून लायटरचं पेट्रोल ओतून तात्पुरती सुटतात, तेल आतच राहतं, महिन्याभरात पुन्हा तेच. पाती सुटी करून पुसल्याशिवाय उपाय नाही.

झोर्कीचं आणखी एक: खटका ओढल्याशिवाय शटरचा वेग बदलायचा नाही. आतली यंत्रणा मोडते, आणि मोडली की आपल्याकडे दुरुस्त करणारा मिळणं कठीण.

लाल दिवा

धुलाईवर कोणी बोललं नाही. एचपी५ ही कृष्णधवल फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना धुवायची असते, तयार द्रावणात साडेसात मिनिटं. पणजीच्या नळाचं पाणी मे महिन्यात ३०च्या आसपास. तापमान वाढलं की वेळ कापावा लागतो आणि पाच मिनिटांच्या खाली गेलात तर आकाशात पट्टे येतात. म्हणून द्रावण एकास एक पातळ करा, २० अंशांना वेळ १३ मिनिटं होते आणि कापायला जागा मिळते. डबा बर्फाच्या परातीत ठेवून २४पर्यंत आणलं तरी पुरे. निगेटिव्ह धुतानाचं पाणीही साधारण त्याच तापमानाचं ठेवा. गंमत म्हणजे रंगीत फिल्मच्या सी-४१ धुलाईला ३७.८ अंश लागतात. गोव्यात तेच सोपं, पाणी अर्ध्या वाटेवर आलेलंच असतं.

पिवळा चौकोन

पावसाळ्याबद्दल खारावाऱ्यांना एवढंच. रबरी कडेचा हवाबंद डबा, पाव किलो सिलिका जेल, आत एक आर्द्रतामापक, काटा ४० ते ५०मध्ये. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास. तांदूळ ठेवू नका, पिठूळ धूळ होते. डांबरगोळ्याही नकोत, वाफ काचेवर बसते. चामड्याची मूळ केस कितीही देखणी असली तरी डब्याबाहेर, बुरशीचं माहेर तेच. आणि वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं पिशवीची चेन उघडायची नाही.

खारावारा

डबा माझ्याकडे आहे, त्यात डिजिटल कॅमेरा असतो. माशेलच्या चिखलकाल्याला तुमचा कॅनोनेट काढाल का, तेवढं सांगा.

पिवळा चौकोन

नाही. चिखल आट्यात शिरतो, आणि पुसायला त्या लेन्सला मागून हात पोचत नाही. तिथे तुमचाच न्या. रात्रीच्या काल्याला मात्र माझा, ४०० आयएसओ, एफ/२, १/३०. निघण्यापूर्वी टोपी खिशात आणि रिवाइंडची चकती खटक्याबरोबर फिरते आहे ना (म्हणजे फिल्म नीट अडकली), एवढं बघून.